फाट्यावरचा काटा आणि आपले पोते

जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि सेलूकडे वळणारा रस्ता जेथे मिळतात, ते देवगाव फाटा हे ठिकाण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पायाखालचे आहे. चहाच्या टपऱ्या, भज्यांचा घाणा, पंक्चरची दुकाने, खतबियाणांची दुकाने आणि भुसार मालाची खरेदी. एसटीची वाट पाहत तासन्‌तास उभे राहण्याची ही जागा. आम्ही कचेरीत कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी समाजाच्या कामाला खेड्यापाड्यांत जातो. त्यामुळे या फाट्यावर आमचे आयुष्यातले बरेच तास गेले आहेत.

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. त्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड भागात पावसाने हाहाकार केला होता. ज्यांचे सोयाबीन त्यातून वाचले, ते खळ्यावरून थेट काट्यावर येत होते. आमच्या नात्यातली एक मावशी आपल्या पोराला घेऊन ॲपे रिक्षातून दोन पोती घेऊन उतरली. तीन एकर बटईचे रान. नावावर गुंठाभर नाही. आम्ही 'जयभीम मावशी' म्हणून पुढे झालो आणि पोती उतरवायला हात लावला. त्यामुळे सगळा सौदा आमच्या डोळ्यांदेखत झाला.

दोन पोत्यांचे वजन ११९ किलो भरले. खरेदीदाराने दाणा दाताखाली धरला, "ओल हाय" म्हणाला आणि ४,२०० चा भाव ४,००० केला. ओल मोजण्याचे यंत्र तेथे नव्हते. मग पोत्याचे वजन म्हणून दर पोत्यामागे एक किलो वजा केला. पोती तागाची नव्हती, खताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या गोण्या होत्या. दोन्ही मिळून तीनशे ग्रॅम भरल्या असत्या. त्यानंतर कडता म्हणून दोन किलो गेला. राहिले ११५ किलो. त्याचे ४,६०० रुपये झाले, आणि त्यातून हमाली-तोलाईचे ४० गेले. मावशीने पैसे पदराला बांधले आणि त्याच बाजूच्या दुकानात जूनमधली बियाणे-खताची उधारी द्यायला गेली.

आम्ही बी. कॉम. झालेलो माणूस. हाताला आकडे लागले की डोके आपोआप चालते. एसटी येईपर्यंत सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर (पाकीट आमचे नव्हे, टपरीवरचे) हिशोब मांडला. खरे वजन ११८ किलो ७०० ग्रॅम. पैसे मिळाले ११५ किलोचे. पावणेचार किलोला थोडे कमी, म्हणजे ४० रुपये किलोने १४८ रुपये. शंभराला तीन रुपयांहून थोडे जास्त. दाताने मोजलेल्या ओलीचे क्विंटलमागे दोनशे वेगळे. आणि त्या हंगामाचा सोयाबीनचा सरकारी हमीभाव होता ४,८९२ रुपये. हमीभावाच्या केंद्रावर का नाही गेलात, असे आम्ही विचारले. मावशी म्हणाली, "तिथं सातबारा लागतो भाऊ. पीक पाहनी मोबाइलवर लागती. आमच्या नावावर वावरच न्हाई, तं काय दाखवू?"

उधारीचा हिशोब तर त्याहून बोलका असतो. समजा, रोखीने हजार रुपयांना मिळणारा माल उधारीत अकराशे पन्नासला दिला आणि पैसे चार महिन्यांनी घेतले. दुकानदार म्हणतो, "फक्त दीडशे जास्त." पण चार महिन्यांना शेकडा पंधरा म्हणजे वर्षाला शेकडा पंचेचाळीस झाले. बँकेचे पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेवर फेडले तर महाराष्ट्रात शून्य टक्क्याने पडते. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला शून्य टक्के आणि ज्याच्या नावावर नाही त्याला पंचेचाळीस.

दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. तारणाशिवाय, कागदाशिवाय, जूनच्या ऐन गरजेला मावशीला माल देणारा फाट्यावर तोच एक आहे. उधारी बुडाली तर तीही त्याचीच. म्हणून व्यापाऱ्याला नुसत्या शिव्या देऊन आपले भागत नाही. धंदा सरळ झाला तर गरिबाच्या घरात किती पडते, आणि तो सरळ कसा होतो, हे पाहिले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचे होते. तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात, असे तेव्हाचे मोठमोठे पंडित म्हणत होते. बाबासाहेबांचे म्हणणे वेगळे होते. शेत किती एकर, एवढ्यावर शेती परवडणे ठरत नाही. त्या शेताला भांडवल आणि अवजारे किती आणि त्यावर पोट भरणारी माणसे किती, या प्रमाणावर ते ठरते. जमिनीवर माणसांचा भार फार झाला आहे, तो उद्योगधंद्यांनी उचलला पाहिजे, हा त्यांचा उपाय. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. मावशीचे तीन एकर आणि त्यावरची सहा माणसे पाहिली की तो निबंध देवगाव फाट्यावर बसून लिहिला की काय, असे वाटते.

मोठी कंपनी थेट शेतकऱ्याकडे आली तर काय होते, याचा सोयाबीनमधलाच एक दाखला आहे. आयटीसी कंपनीने जून २००० मध्ये मध्य प्रदेशात 'ई-चौपाल' सुरू केली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवला, त्यावर रोजचा भाव दिसायचा, आणि पटला तर माल थेट कंपनीच्या केंद्रावर न्यायचा. तेथे इलेक्ट्रॉनिक काटा आणि पैसे हातोहात. कंपनीने हे धर्मादाय म्हणून केले नव्हते. दलालीत जाणारा पैसा आणि मालाची भेसळ तिला वाचवायची होती. पुढे अर्थतज्ज्ञांनी या भागातल्या बाजारांचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की जेथे ही केंद्रे आली तेथे बाजार समितीतलाही सोयाबीनचा भाव शेकडा एक ते तीनने वाढला. जे शेतकरी कंपनीकडे गेलेच नाहीत, त्यांनाही फायदा झाला, कारण आता व्यापाऱ्याला स्पर्धा होती.

वाचकहो, आता तो पुठ्ठ्यावरचा आकडा पुन्हा पाहा. मावशीचे वजनात गेले ते शेकडा तीन. एवढी अवाढव्य कंपनी, एवढे संगणक, आणि त्यातून मिळाले फार तर तेवढेच, जेवढे एक सरळ काटा फाट्यावर देऊ शकतो. आम्हाला या गोष्टीचे आजही नवल वाटते.

कापसाकडे वळू. सेलू आणि मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ. आपल्या कितीतरी आयाबहिणी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत किलोवर वेचणी करतात. परदेशातल्या कपड्यांच्या आणि फर्निचरच्या मोठ्या कंपन्यांनी पर्यावरण संस्थांना सोबत घेऊन 'बेटर कॉटन' नावाची व्यवस्था उभी केली. भारतात तिचा पहिला कापूस २०१०-११ च्या हंगामात निघाला. फवारणी कमी, पाणी कमी, जमीन जपायची, मुलांना कामाला लावायचे नाही आणि मजुराला नीट वागवायचे, असे तिचे नियम आहेत. फवारणीचा खर्च वाचतो तो शेतकऱ्याचा फायदा. पण या कापसाला जास्त भाव देऊ, अशी हमी त्यात नाही. फेअरट्रेड म्हणून दुसरी पद्धत आहे. तिच्यात किमान भाव ठरलेला असतो, आणि वर एक जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संघटनेला मिळते. ती विहिरीवर खर्चायची, शाळेवर की गोदामावर, हे सभासद मतदानाने ठरवतात. दोहोंतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकीत तुम्हाला शिकवतात, दुसरीत तुम्हाला विचारतात. वेचणी करणाऱ्या बाईला मात्र दोन्हीकडे पुरेसे विचारले जाते, असे आम्हाला वाटत नाही.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो आपल्या वस्तीवर फार थोड्यांना ठाऊक आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन 'उत्पादक कंपनी' हा प्रकार आला. दहा किंवा त्याहून अधिक उत्पादकांनी एकत्र येऊन ती काढायची. संचालक किमान पाच. शेअर कोणाचे किती हे न पाहता एका माणसाला एक मत. म्हणजे शंभर शेअरवाला पाटील आणि एक शेअरवाली आपली मावशी, दोघांचे मत सारखे. नफा झाला की ज्याने जितका माल कंपनीला दिला, त्या प्रमाणात त्याला बोनस देता येतो. कंपन्यांचे कायदे आम्ही परीक्षेपुरते वाचले होते, पण हे कलम वाचताना खुर्चीत सरळ बसलो.

गंमत पुढे आहे. या कायद्यात 'उत्पादक' म्हणजे सातबारावाला असे कोठेही लिहिलेले नाही. शेती, पशुपालन, मधमाशापालन, हातमाग, हस्तकला यांपैकी कशातूनही माल काढणारा माणूस उत्पादक होतो. चार शेळ्या पाळणारी बाई उत्पादक आहे. बटईने करणारा उत्पादक आहे. गायरानावर वर्षानुवर्षे कसणारा उत्पादक आहे. पण गावात अशा कंपन्या निघतात तेव्हा पहिला कागद सातबारा मागतात, आणि आपला माणूस दारातूनच परत येतो. अनुदानाच्या योजनेसाठी एखादा कागद लागत असेल, ते वेगळे. सभासद होण्यासाठी कायदा तो मागत नाही, हे ठासून विचारले पाहिजे. २०२० पासून केंद्राची दहा हजार उत्पादक संघटना उभारण्याची योजना आली. तिच्यात सपाट प्रदेशात किमान तीनशे सभासद लागतात, तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत खर्चाला मदत मिळते, आणि दर सभासदामागे दोन हजारांपर्यंत जुळणी भांडवल मिळते. त्या तीनशेत आपली किती घरे आहेत, हे प्रत्येक गावात मोजावे.

गायरानाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आमच्या आजोबांच्या पिढीने तुरुंग पाहिला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी कितीतरी घरे आजही कागदाविना कसत आहेत. दादासाहेबांच्या नावाने २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची योजना आहे. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानाची झाली. अडचण एकच. शासनाच्या दरात जमीन विकायला कोणी तयार होत नाही.

येथे आम्हाला आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही चौदा जणांचा गट काढला होता. खत एकत्र आणायचे, सोयाबीन एकत्र विकायचे. खजिनदार आम्हीच, कारण 'भाऊ बी. कॉम. हाय'. पहिल्या वर्षी वाहतूक वाचली, भावही बरा मिळाला. पण पावत्या आम्ही लिहिल्या नाहीत. नात्यातलीच माणसे, कशाला पावती, असे वाटले. हिशोब डोक्यात आणि चिठ्ठ्या सदऱ्याच्या खिशात. दुसऱ्या वर्षी ६,३०० रुपयांचा मेळ बसेना. आम्ही खाल्ले नव्हते, पण दाखवणार काय? पगारातून भरले. तरी एकदा संशय आला तो आलाच. गट मोडला. घरी आमच्या मंडळींनी ऐकवले ते आजही टोचते. "कचेरीचा हिशोब पैपैचा लिहिता, आणि आपल्या माणसायचा खिशात ठेवता." दोन भाऊ अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

त्यामुळे आता कोठेही गट निघत असेल तर आम्ही भाषण करत नाही. पहिली वही घेऊन जातो. आवक एका पानावर, जावक एका पानावर, दर महिन्याला विहारात मोठ्याने वाचन, आणि वहीवर दोघींच्या सह्या. दोघींच्या म्हटले, कारण बायांच्या गटांच्या वह्या अधिक नेटक्या असतात, हा आमचा अनुभव.

बायांच्या शेतीचा मराठवाड्यातला मोठा दाखला 'स्वयम्‌ शिक्षण प्रयोग' या संस्थेचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरे बांधण्याच्या कामातून प्रेमा गोपालन यांनी बायांची संघटना बांधली. पुढे दुष्काळात एक एकराची शेती सुरू झाली. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या रानातला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा आणि त्यात घरच्या पोटाचे पेरायचे. डाळी, ज्वारी-बाजरी, भाजीपाला. खत शेणामुताचे आणि गांडुळाचे, पाणी थोडे. उरलेले विकायचे. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. लातूर-धाराशिवकडच्या बाईला जमले ते सेलू-जिंतूरच्या बाईला न जमायला काय झाले? रान आपले नसले तरी बटईच्या रानात चार ओळी तुरीच्या आणि बांधाला भाजी, एवढे मालकाशी आधी बोलून ठरवता येते.

तुरीचे म्हणाल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसच आहे. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. सोयाबीन पावसाने बुडाले तरी तूर हाती लागते. तिची मुळे खोल जातात, पाला गळून जमिनीत कुजतो, आणि दोन्ही पिके हवेतला नत्र जमिनीत धरतात. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरले तर जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते. सप्टेंबरातल्या त्या पावसात हे ज्यांनी केले होते त्यांना विचारावे.

दुसरी गोष्ट घरच्या बियाण्याची. सोयाबीनचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, एकदा चांगले वाण आणले की तीन वर्षे घरचे चालते. ही गोष्ट तुम्हाला बियाण्याच्या जाहिरातीत दिसणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष तरी काय, पिशवी विकणे हा त्यांचा धंदा. आयाबहिणींनी एवढे करावे. मे महिन्यात शंभर दाणे मोजून घ्यावे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उघडून मोजावे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे चांगले. सोयाबीनची साल फार नाजूक असते. पोती आपटू नयेत, एकावर एक उंच थप्पी लावू नये, जमिनीवर लाकडी फळ्या टाकून त्यावर ठेवावीत. आणि बियाण्यासाठीचा माल मळणी यंत्रातून सावकाश काढावा.

धंद्याची गोष्ट पुन्हा धंद्याकडे आणू. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने लहान डाळ गिरणी तयार केली आहे, ती विदर्भात बायांच्या गटांनीही चालवली. एक क्विंटल तुरीतून सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते. समजा, तूर ७,५०० रुपयांना जाते. ७२ किलो डाळ ११५ रुपयांनी विकली तर ८,२८० झाले, आणि चुणी शेळ्यांना वेगळी. वीज, वाळवण, मजुरी वजा जाता क्विंटलमागे पाचसातशे राहू शकतात. आणि ती मजुरीही आपल्याच घरात पडते. जमिनीवरचा भार उद्योगाने उचलायचा म्हणजे प्रत्येक वेळी पुण्या-मुंबईला कारखान्यात जायलाच हवे असे नाही.

माल लगेच विकायचा नसेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पाऊणपट रक्कम सहा महिन्यांपर्यंत शेकडा सहा दराने मिळते. ४०,००० च्या मालावर ३०,००० मिळतील, चार महिन्यांचे व्याज सहाशे. मात्र भाव वाढेलच असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेले होते. त्या आठवणीवर पुढच्या वर्षांत ज्यांनी माल दाबून ठेवला, ते पस्तावले.

मोठ्या कंपन्यांना २०१४ पासून नफ्याचे शेकडा दोन समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक आहे. वर्षाला पाच कोटी नफा असला तरी कंपनी त्यात येते. गरिबी दूर करणे, मागास घटकांची विषमता कमी करणे, पर्यावरण, ग्रामविकास हे सारे त्या यादीत आहे. पण त्याच कलमात म्हटले आहे की कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे. आता ज्या तालुक्यात कारखानाच नाही, त्याच्या परिसरात कोण येणार? आम्हाला या पैशातून फाट्यावर दोनच गोष्टी हव्या आहेत: एक तपासलेला काटा आणि एक ओल मोजण्याचे यंत्र. फलक त्यांनी हवा तेवढा मोठा लावावा.

मावशीच्या वस्तीवर बारा बायांनी गट धरला आहे. दरमहा शंभर रुपये जमवून त्यांनी पहिल्यांदा काय घेतले असेल? इलेक्ट्रॉनिक काटा. विहाराच्या खोलीत तो ठेवला आहे. वही आम्ही दिली, लिहिते मावशीची सून, दहावी झालेली.

२०२५ च्या हंगामातही पावसाने धिंगाणा घातला. हमीभाव ५,३२८ झाला होता, मावशीच्या हाती मात्र आदल्या वर्षापेक्षा कमीच पीक आले. आम्ही मुद्दाम सुट्टी घेऊन फाट्यावर गेलो. मावशीने घरून वजन करून वहीत लिहून आणले होते: ११२ किलो. खरेदीदाराच्या काट्यावर ११० भरले. मावशीने वही उघडून पुढे धरली. "पुन्ना ठिव दादा. गोणी नीट मधी ठिव." दुसऱ्यांदा ११२ भरले. गोणीचे दोघांमागे अर्धा किलो धरायचे, हेही त्याने मान्य केले. कडता मात्र दोन किलो कापलाच. त्यावर मावशीचे आणि त्याचे जुंपले, मागे उभ्या दोघी-तिघी त्यात पडल्या. आमची एसटी आली तेव्हा ते चालूच होते.